पिकअपला दोन ट्रेलर जोडताना

जून-जुलैतल्या एखाद्या शुक्रवारी दुपारी डेट्रॉइटहून आय-७५ ने उत्तरेकडे निघालात, की असली तिहेरी गाडी एखादी तरी दिसतेच. पुढे मोठा पिकअप, त्याच्या हौद्यात नाक टेकवलेला फिफ्थ व्हील कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, आणि कॅम्परच्या शेपटाला बोट. कॅम्पर घेतलेल्या घरात पुढच्याच उन्हाळ्यात विषय निघतो: बोट न्यायला दुसरी गाडी आणि दुसरा ड्रायव्हर कशाला? मागेच जोडू की!

जोडता येते. पण बहुतेक लोक याचं उत्तर पिकअपच्या इंजिनात शोधतात. एक-टनी पिकअपचं ६.७ लिटरचं डिझेल इंजिन दोन्ही ट्रेलर ओढेल, यात शंका नाही. घोडं पेंड खातं ते मधल्या ट्रेलरपाशी. त्याची चेसिस, त्याचे अॅक्सल, त्याची वायरिंग आणि त्याच्या नाकावरचं वजन, सगळी परीक्षा त्याची असते. कायदासुद्धा आधी मधल्या ट्रेलरचंच नाव विचारतो.

राज्य बदललं की नियम बदलतो

अमेरिकेत याला देशभराचा एक नियम नाही. न्यू जर्सी, फ्लोरिडा, वॉशिंग्टन अशा राज्यांत सुट्टीच्या सहलीसाठी दोन ट्रेलर ओढायला मुळातच परवानगी नाही. न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या मराठी कुटुंबाने मिशिगनच्या नातेवाइकांचा फोटो पाहून असा बेत करू नये, तो घराच्या फाटकातच बेकायदेशीर ठरेल.

मिशिगनमध्ये चालतं, पण साध्या लायसन्सवर नाही. त्यावर 'रिक्रिएशनल डबल' म्हणजे 'आर' शेरा घ्यावा लागतो. वय किमान १८ हवं आणि वेगळी लेखी परीक्षा द्यावी लागते. हा शेरा कशासाठी आहे ते नीट वाचा: पिकअप, त्याला जोडलेला राहण्यासाठी बनवलेला फिफ्थ व्हील ट्रेलर आणि त्याच्या मागे दुसरा ट्रेलर. म्हणजे मधे पिकअपच्या मागच्या बॉलवर (लोखंडी गोळ्यावर) जोडायचा साधा ट्रॅव्हल ट्रेलर असेल तर ती जोडणी या चौकटीत बसत नाही. पूर्ण गाडीची लांबी ७५ फुटांच्या आत हवी.

मिनेसोटात हीच मर्यादा ७० फूट आहे. मागच्या ट्रेलरवर काय असावं हेही तिथं ठरवून दिलंय: बोट, मोटरसायकल, स्नोमोबिल, एटीव्ही, गोल्फ कार्ट, घोडेस्वारीचं सामान. शिवाय मिनिआपोलिस-सेंट पॉलच्या सात काउंटींत सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ आणि दुपारी ४ ते ७ या वेळात ही गाडी रस्त्यावर आणायची नाही. टेक्सासमध्ये ६५ फूट धरून चला. तिथं आणखी एक मेख आहे: सगळं मिळून वजनक्षमता २६,००० पाउंडांच्या वर आणि ट्रेलर १०,००० च्या वर गेला, की साधं क्लास सी लायसन्स पुरत नाही, नॉन-कमर्शियल क्लास ए काढावं लागतं. कॅलिफोर्नियात क्लास सी वाल्याला एकापेक्षा जास्त वाहन ओढायची मुभाच नाही.

तुमच्या राज्याचं लायसन्स दुसऱ्या राज्यात चालतं, पण लांबीची आणि जोडणीची मर्यादा ज्या रस्त्यावर तुमची चाकं आहेत तिथली लागू होते. मिशिगनमध्ये ७३ फुटांची कायदेशीर गाडी मिनेसोटात शिरताना तीन फूट जास्त ठरते, आणि मधे लागणाऱ्या विस्कॉन्सिनचे नियम वेगळे तपासावे लागतात. रस्त्यात येणाऱ्या प्रत्येक राज्याच्या वाहतूक खात्याचं पान निघण्याच्या आठवड्यात पाहा. दोन वर्षांपूर्वीचा कुणाचा तरी तक्ता कामाचा नाही. आणि विमा कंपनीला ई-मेल करून एवढंच विचारा: 'दुसरा ट्रेलर जोडलेला असताना त्याने झालेलं नुकसान माझ्या पॉलिसीत धरलंय का?' उत्तर लेखी घ्या.

लांबीची बेरीज इथं बरेच जण चुकतात. कॅम्परच्या मॉडेलमधला आकडा हा बऱ्याचदा राहण्याच्या खोक्याचा असतो, पूर्ण ट्रेलर त्याहून काही फूट लांब निघतो. दुसरीकडे फिफ्थ व्हीलचं नाक पिकअपच्या हौद्यावर येतं, त्यामुळे तेवढे फूट दोनदा मोजायचे नसतात. २१ फुटी पिकअप, ३२ फुटी कॅम्पर, हौद्यावर आलेले ६ फूट वजा केले की ४७. त्यात मधल्या हिचचा (जोडणीचा) एक फूट आणि दांड्यासकट २२ फुटी बोट ट्रेलर मिळवला की बरोबर ७०. आता बोटीचं आउटबोर्ड इंजिन प्रवासासाठी वर उचलून ठेवलं, तर त्याचं पातं मागे आणखी दीड-दोन फूट जाऊ शकतं. मिनेसोटाची मर्यादा तिथंच ओलांडली. म्हणून कागदावर बेरीज करू नका. सपाट जागेत सगळं सरळ रेषेत जोडा आणि पिकअपच्या पुढच्या बंपरपासून शेवटच्या टोकापर्यंत टेप लावा.

मधल्या ट्रेलरच्या नाकावरचं वजन

ट्रेलर रस्त्यावर सरळ राहतो तो त्याच्या पुढच्या टोकावर पुरेसं वजन असतं म्हणून. बॉल हिचवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हवं, त्याला टंग वेट म्हणतात. फिफ्थ व्हीलमध्ये हेच वजन पिनवर (कॅम्परच्या नाकाखालच्या जोडखुंटीवर), म्हणजे पिकअपच्या मागच्या अॅक्सलच्या जवळपास वर पडतं आणि ते साधारण १५ ते २५ टक्के असतं. हे प्रमाण कमी झालं की ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतं आणि वेग जितका जास्त तितका झोका मोठा.

आता मधल्या ट्रेलरच्या शेपटाला काहीतरी टांगलं की काय होतं ते पाहा. तो ट्रेलर अॅक्सलवर तोललेला आहे. मागे वजन पडलं की नाक उचललं जातं, सी-सॉसारखं. किती उचललं जातं हे साध्या गुणाकाराने काढता येतं: मागच्या बोटीचं टंग वेट गुणिले अॅक्सलपासून मागच्या बॉलपर्यंतचं अंतर, भागिले अॅक्सलपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर.

भरलेला कॅम्पर १२,००० पाउंडांचा घ्या. पिनवर २० टक्के म्हणजे २,४००, अॅक्सलवर ९,६००. बोट आणि तिचा ट्रेलर मिळून ३,५००, त्याचं टंग वेट १० टक्के म्हणजे ३५०. कॅम्परच्या अॅक्सलपासून पुढची पिन २० फुटांवर आणि मागचा बॉल १० फुटांवर. मग ३५० गुणिले १० भागिले २० म्हणजे १७५ पाउंड पिनवरून उचलले गेले. पिनवर २,२२५ राहिले, म्हणजे साडेअठरा टक्के. चालेल.

पण अॅक्सलकडे बघा. त्याच्यावर फक्त ३५० वाढले नाहीत. बोटीचे ३५० आणि पिनवरून मागे सरकलेले १७५, असे ५२५ वाढले. ९,६०० चे १०,१२५ झाले. कॅम्परला ५,२०० पौंडी दोन अॅक्सल असतील तर क्षमता १०,४०० पाउंड, शिल्लक जेमतेम २७५. आता पाण्याची टाकी गच्च भरून निघालात तर? एक गॅलन पाणी ८.३ पाउंडांचं. टाकी अॅक्सलवरच असली तर ३५ गॅलनमध्ये ती शिल्लक संपली.

हेच गणित साध्या ट्रॅव्हल ट्रेलरवर करा. ६,००० पाउंडांचा ट्रेलर, टंग वेट १२ टक्के म्हणजे ७२०. अॅक्सलपासून कपलर (दांड्याचं बॉलवर बसणारं तोंड) १६ फूट, मागचा बॉल १० फूट. त्याच बोटीने जवळपास २२० पाउंड उचलले गेले. उरले ५००, म्हणजे सव्वाआठ टक्के. सुरक्षित हद्दीच्या खाली, आणि तेही बोट जागेवर उभी असताना. मधे फिफ्थ व्हीलच हवा असं मिशिगनसारखी राज्यं म्हणतात त्यामागचं कारण हेच असावं. कॅम्परमधलं सामान पुढे सरकवून हे भरून काढता येईल असं कुणी सुचवेल. कागदावर येतं. मग परतीच्या प्रवासात खाणं संपलेलं असतं, पुढची टाकी रिकामी आणि मागची भरलेली असते, आणि सगळा हिशेब उलटतो.

तुमच्या गाडीचे खरे आकडे ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर मिळतात. तिथं काट्याचे वेगवेगळे पाट असतात, त्यामुळे पिकअपचा पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल आणि ट्रेलरचे अॅक्सल यांचं वजन स्वतंत्र छापून येतं. दोनदा वजन करा: एकदा फक्त पिकअप आणि कॅम्पर, एकदा बोट जोडून, बोटीची चाकं काट्याच्या बाहेर ठेवून. दोन्ही पावत्या शेजारी धरल्या की पिनवरून किती उचललं गेलं आणि कॅम्परच्या अॅक्सलवर किती वाढलं, दोन्ही समोर दिसतं. मग चार गोष्टी पडताळा: पिकअपचा जीव्हीडब्ल्यूआर (एकट्या गाडीवरच्या भाराची हद्द), त्याच्या मागच्या अॅक्सलची क्षमता, जीसीडब्ल्यूआर (दोन्ही ट्रेलर धरून सगळ्या गाडीची हद्द) आणि कॅम्परच्या अॅक्सलची क्षमता. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पेलोडचा स्टिकर असतो. माणसं, सामान, हौद्यातलं हिच आणि पिन वेट हे सगळं त्या एका आकड्यात बसवायचं असतं. जाहिरातीतला 'टोइंग कपॅसिटी'चा भला मोठा आकडा इथं उपयोगाचा नाही, पेलोड त्याच्या कितीतरी आधी संपतो.

मागच्या बंपरला हात लावू नका

कॅम्परच्या मागे चार इंची चौकोनी नळीचा बंपर असतो. तो पातळ पत्र्याचा असतो आणि त्याच्या पोटात सांडपाण्याचा पाइप ठेवतात. त्याच्यावर बॉल बसवून बोट ओढणं म्हणजे कधीतरी बंपरसकट बोट रस्त्यावर सोडणं. रिसीव्हर, म्हणजे बॉलचा दांडा ज्यात बसतो ती चौकोनी नळी, चेसिसच्या दोन्ही मुख्य पट्ट्यांना जोडलेला हवा. कारखान्यातूनच बसून आलेला असेल तर उत्तम. नंतर वेल्डिंग करून घ्यायचा असेल तर आधी कॅम्परच्या कंपनीला आणि चेसिस बनवणाऱ्याला लेखी विचारा. परवानगीशिवाय केलेल्या वेल्डिंगनंतर चेसिसची वॉरंटी विसरावी लागू शकते, आणि तापलेली पट्टी तिथंच तडकू शकते.

रिसीव्हरवर शिक्का असतो, तो वाचा. ३,००० पाउंड आणि टंग वेट ३०० असं लिहिलं असेल तर वरच्या उदाहरणातली बोट तिथंच बाद. सायकलच्या रॅकला जागा व्हावी म्हणून एक्स्टेंशन नळी लावली, तर क्षमता आणखी घटते आणि अॅक्सलपासूनचं अंतर वाढल्याने नाकही जास्त उचललं जातं.

बॉलचा आकार हा छोटा वाटणारा पण घातक विषय आहे. दोन इंची कपलर पावणेदोन-दोन इंचांच्या दरम्यानच्या, म्हणजे एक सात-अष्टमांश इंची बॉलवर बसतो, खटकाही लागतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडून निघतो. कपलरवर आणि बॉलवर आकार कोरलेला असतो, दोन्ही वाचा. खटका लावल्यावर बोट ट्रेलरचा जॅक फिरवून कपलर वर उचलायचा प्रयत्न करा. कॅम्परचं शेपूट सोबत वर आलं तर जोडणी झाली. कपलर एकटाच वर आला तर नाही.

ब्रेक आणि वायर

मागच्या ट्रेलरचे ब्रेक दोन प्रकारचे असू शकतात. इलेक्ट्रिक ब्रेक पिकअपमधल्या कंट्रोलरवर (ट्रेलरच्या ब्रेकला वीज देणाऱ्या डबीवर) चालतात. चाकामागे एक चुंबक, एका चुंबकाला साधारण तीन अँपिअर. दोन अॅक्सलच्या कॅम्परला १२, एका अॅक्सलच्या मागच्या ट्रेलरला आणखी ६, एकूण १८. बऱ्याच कंट्रोलरना हे पेलतं. अडचण वेगळी आहे: कंट्रोलरचा जोर १२,००० पाउंडांच्या कॅम्परसाठी लावलेला असतो, आणि तोच जोर हलक्या मागच्या ट्रेलरला मिळाला की त्याची चाकं जागीच लॉक होऊन घासतात. लॉक झालेली चाकं ट्रेलरला सरळ धरून ठेवत नाहीत, तो आडवा सरकतो.

म्हणून बोटीसाठी सर्ज ब्रेक सोयीचे. पुढची गाडी मंदावली की बोट ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने दांड्यातला पिस्टन दाबला जातो आणि ब्रेक लागतात. जितका रेटा तितका ब्रेक, तो लागायला वायर लागत नाही. मात्र लांब उतारावर त्यांचा एक दोष उघडा पडतो. पिकअप एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणाऱ्या ब्रेकवर) हळूहळू उतरत असतो, बोट सतत रेटत राहते आणि तिचे ब्रेक मिनिटांमागून मिनिटं हलके लागलेलेच राहतात. पुढे बसून काही कळत नाही. घाट उतरल्यावर पहिल्या मोकळ्या जागी थांबा आणि हबजवळ हात न्या. धग लागत असेल तर थंड होऊ द्या.

दिव्यांसाठी कॅम्परच्या पुढच्या जंक्शन बॉक्समधून चार वायरी मागेपर्यंत न्यायच्या: पांढरी अर्थ, तपकिरी टेल लाइट, पिवळी डावा इंडिकेटर-ब्रेक, हिरवी उजवा. हा चार पिनी चपट्या सॉकेटचा रंगक्रम आहे. सात पिनी सॉकेटमध्ये रंगांचे अर्थ वेगळे असू शकतात, तेव्हा रंग जुळवून जोडू नका, टेस्टर लावून जोडा. बोटीला सर्ज ब्रेक असतील तर पाचवी, निळी वायर रिव्हर्स लाइटवरून न्यावी लागते. ती नसेल तर मागे घेताना रेट्याने ब्रेक लागतात आणि बोट जागची हलत नाही.

रात्री टेल लाइटचा फ्यूज उडणं ही इथली नेहमीची तक्रार. जुन्या कॅम्परवर कडेने दहा-बारा साधे बल्ब असतात, त्यात बोटीचे मिळवले की पिकअपच्या फ्यूजवर ताण येतो. मोठा फ्यूज टाकणं हा उपाय नव्हे, त्याने वायर जळते. सगळे दिवे एलईडी करा, किंवा वेगळा फ्यूज असलेला, थेट बॅटरीवरून वीज घेणारा पॉवर्ड कन्व्हर्टर लावा. आणि अर्थची वायर चेसिसला पक्की हवी. बॉलवरून अर्थ मिळतो म्हणून सोडून दिलं की ग्रीस लागल्यावर इंडिकेटर वेडेवाकडे लुकलुकायला लागतात.

प्रत्येक जोडणीला दोन साखळ्या, दांड्याखाली एकमेकींवरून ओलांडून. कपलर निसटला तर दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. ब्रेकअवे केबल (ट्रेलर निसटला तर ओढली जाऊन त्याचे ब्रेक लावणारी) मात्र साखळीला किंवा बॉल माउंटला बांधू नका. बॉल माउंटच उखडून गेला तर केबल त्याच्यासोबत जाईल आणि ओढली जाणारच नाही. ती कॅम्परच्या चेसिसवर वेगळ्या कड्याला हवी.

रस्त्यावर

ऊसहंगामात सांगली-कोल्हापूरकडे ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही: ट्रॅक्टर जरासा हलला तर पहिली ट्रॉली जास्त हलते आणि दुसरी त्याहून जास्त. तिथं वेग कमी असतो म्हणून निभावतं, नेहमीच नाही. हीच साखळी ताशी ६० मैलांवर नेताना स्टीअरिंगचा प्रत्येक झटका मागे मोठा होत जातो. लेन बदलताना चार-पाच सेकंद घ्या.

ट्रेलरच्या टायरवर 'एसटी' लिहिलेलं असतं. वेगाचं अक्षर छापलेलं नसेल तर ते ६५ मैलांपर्यंतचेच समजा. हवा टायरवर लिहिलेल्या पूर्ण दाबाची, थंड असताना भरलेली. बोटीचं चाक पंक्चर झालं तर पिकअपमध्ये काहीच जाणवत नाही, आणि कॅम्परच्या आडोशामुळे आरशातही बोट दिसत नाही. कुणीतरी शेजारून हातवारे करेपर्यंत टायरच्या चिंध्या झालेल्या असतात. म्हणून टायरचा दाब दाखवणारे सेन्सर हवेत. इतक्या लांबून सिग्नल पोचत नाही, तेव्हा कॅम्परच्या मागच्या भागात रिपीटर बसवा. कॅम्परच्या मागे एक कॅमेराही लावा, बोट जागेवर आहे एवढं कळलं तरी पुरे.

मागे झोका सुरू झाला तर पिकअपचा ब्रेक दाबू नका आणि स्टीअरिंगने झोका मोडायला जाऊ नका. अॅक्सिलरेटर सोडा आणि कंट्रोलरची हाताने चालवायची पट्टी हळूहळू सरकवा. त्याने फक्त कॅम्परचे ब्रेक लागतात, गाडी ताणली जाते आणि सरळ होते. ती पट्टी कुठं आहे हे न बघता हाताला लागलं पाहिजे, तेव्हा रिकाम्या पार्किंगमध्ये आधी सराव करा. थांबल्यावर झोका का आला ते शोधा. बहुतेक वेळा बोट मागे सरकलेली असते, किंवा निघताना होतं त्यापेक्षा सामान मागे गेलेलं असतं.

वळताना मागचा ट्रेलर कोपरा कापतो, म्हणून चौकात नेहमीपेक्षा पुढे जाऊन वळा. डिझेल शक्यतो ट्रकच्या रांगेत भरा. साध्या पेट्रोल पंपावर आत शिरलात आणि समोर कुणी गाडी लावून दुकानात गेलं, की अडकलात.

कारण ही गाडी मागे जात नाही. दोन सांधे असलेली गाडी पाच-सात फुटांत वाकडी होते आणि बोट ट्रेलरचा दांडा कॅम्परच्या कोपऱ्यात घुसतो. मागे घ्यायची वेळ आली की बोट सोडा, कॅम्पर घ्या, मग बोट हाताने किंवा पिकअपने आणा. कॅम्पग्राउंडला फोन करताना जागा 'पुल-थ्रू', म्हणजे एका बाजूने शिरून दुसरीकडून निघता येणारी, मागा आणि कॅम्परची लांबी सांगू नका, टेपने मोजलेली पूर्ण लांबी सांगा. बोट वेगळी ठेवायला जागा आहे का आणि तिचे पैसे वेगळे पडतात का, तेही त्याच फोनवर विचारा. बोट सोडताना आधी तिच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मग जॅकवर भार, मग वायर, मग कपलरचा खटका. साखळ्या सगळ्यात शेवटी.